‘शांत’ असा शेरा

मखमलाबादच्या मळ्यात राहणाऱ्या वत्सलाबाईंना वाचता येऊ लागले, तेव्हा त्यांचे वय एकतीस वर्षांचे होते. साक्षरतेचा वर्ग मारुतीच्या देवळात भरत असे. दिवसभर शेवंती खुडून हिरवी झालेली बोटे पाटीवर फिरवीत त्यांनी दीड वर्षात बाराखडी आणि जोडाक्षरे पार केली. एके दिवशी वर्गाच्या बाईंनी फळ्यावर ‘मत्सर’ असा शब्द लिहिला आणि त्याचा अर्थ सांगितला : दुसऱ्याचे बरे न पाहवणे. वत्सलाबाईंच्या मनात आले की हा शब्द आपल्याला पहिल्यापासून येतो, फक्त लिहिता येत नव्हता.

त्यांच्या मत्सराला घर शोधण्यासाठी लांब जावे लागत नसे. दोन भावांचे ते एकच घर होते. मध्ये एक भिंत, अलीकडे थोरले मल्हारी व वत्सलाबाई, पलीकडे धाकटे भारत व त्यांची पत्नी छाया. ओटा सामाईक आणि चुली दोन. छाया निफाडकडची, बारावी झालेली, बोलण्यात चुणचुणीत. तिचा मुलगा ललित आणि वत्सलाबाईंची मुलगी दिशा यांच्यात अवघे वीस दिवसांचे अंतर. ललितच्या जन्माला सासू सरुबाईंनी आळीभर पेढे वाटले. वीस दिवसांनी दिशा झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “आत्ताच तर समद्यांचं तोंड गोड केलं. आता परत कशाला?” हे वाक्य वत्सलाबाईंच्या काळजात काट्यासारखे रुतून राहिले.

दोन्ही मुले एकाच शाळेत, एकाच वर्गात गेली. प्रगतिपुस्तकाच्या शेवटच्या पानावर ‘वर्तन’ असा एक रकाना असे. दिशाच्या प्रत्येक पुस्तकात त्या रकान्यात एकच शब्द येई : शांत. वत्सलाबाई ओट्यावर बसून तो शब्द मोठ्याने वाचीत. एकदा वाचून त्यांचे भागत नसे. भिंतीपलीकडे छायाचे स्वयंपाकघर होते आणि आवाज तेथपर्यंत पोहोचावा अशीच ती वाचण्याची रीत होती.

ललितच्या पुस्तकात मात्र लाल शाईने लिहिलेले असे : ‘अतिचंचल. पालकांनी भेटावे.’ तो बाकावरून बाकावर उड्या मारी, दुसऱ्याची वही फाडी, प्रार्थनेच्या वेळी कुत्र्याचा आवाज काढी. शाळेचा शिपाई बोलावणे घेऊन आला की वत्सलाबाई शेवंतीच्या वाफ्यातून मान वर काढून विचारीत, “काय हो, आज काय फोडलं आमच्या ललितनं?” त्या ‘आमच्या’त किती गोडवा होता आणि किती विष होते, हे छायाला बरोबर कळत असे.

दिशा काही फोडत नव्हती. ती हरवत होती. कंपासपेट्या, छत्र्या, एकदा तर पायातली एकच चप्पल. शाळेतून येताना ती कालव्याच्या काठी उभी राही आणि दिवेलागणीला कोणीतरी तिला हाताला धरून आणी. प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागच्या बाजूला प्रश्न असतात, हे तिला दर परीक्षेत नव्याने कळे. गजरा ओवायला बसवले तर वीतभर इतका सुरेख ओवी की फुलबाजारातल्या बायका विचारीत. आणि पुढे दोरा तसाच, फुले तशीच, नजर आंब्याच्या शेंड्यावर. “येंधळी हे जरा,” असे मल्हारी हसून म्हणत. वत्सलाबाई म्हणत, “येंधळी का असंना, शांत हे.”

ललित सातवीत असताना त्याने प्रयोगशाळेतली काचेची बरणी फोडली आणि शाळेने त्याला घरी बसवण्याची भाषा सुरू केली. वत्सलाबाईंना त्या आठवड्यात जेवण फार रुचकर लागले. परंतु छाया रडत बसणाऱ्यांतली नव्हती. भारतच्या मोटारसायकलवर ललितला मध्ये बसवून ती शहरात कॉलेज रोडवरच्या मुलांच्या मनाच्या डॉक्टरांकडे गेली. तीनदा गेली. डॉक्टरांनी चार इंग्रजी अक्षरे सांगितली, ए-डी-एच-डी. म्हणजे मुलाची बुद्धी चांगली आहे, पण लक्ष एका ठिकाणी ठरत नाही, त्यात त्याचा दोष नाही. ते पत्र आणि स्वतः लिहिलेला अर्ज घेऊन छायाने मुख्याध्यापकांच्या खोलीच्या पायऱ्या झिजवल्या. शेवटी ललितला पहिल्या बाकावर जागा मिळाली, गृहपाठ तुकड्यातुकड्याने मिळू लागला आणि परीक्षेला अर्धा तास जास्त मिळाला.

वार्षिक परीक्षेत ललितला सत्तावन्न टक्के पडले. आदल्या वर्षी त्याला अडतीस होते. दिशाला बेचाळीस. आदल्या वर्षी तिला पंचावन्न होते. छाया पेढे घेऊन ओट्यावर आली. वत्सलाबाईंनी पेढा तोंडात घातला, पण तो तोंडात फिरत राहिला, खाली उतरेना.

छाया जरा घुटमळली आणि म्हणाली, “ताई, राग मानू नका. एकदा दिशालाही त्या डॉक्टरांना दाखवा.”

“माझ्या पोरीला? तिला काय धाड भरलीय?” वत्सलाबाई कडाडल्या. “तिनं कुणाच्या बरण्या फोडल्या? तुझ्या घरचं दुखणं माझ्या घरात ढकलू नको, छाया.”

छाया उरलेले पेढे घेऊन आपल्या दाराकडे वळली. वत्सलाबाईंनी तो पेढा शेळीपुढे टाकला.

येथून पुढे त्यांच्या मनाची एक विचित्र अवस्था झाली, ती नीट सांगितली पाहिजे. माणूस दुसऱ्याच्या सोन्याचा मत्सर करतो, शेताचा करतो, रूपाचा करतो. वत्सलाबाई दुसऱ्याच्या मुलाच्या लाल शेऱ्याचा मत्सर करू लागल्या. ज्या शब्दाला आपण सात वर्षे हसलो, त्याच शब्दाने ललितला पहिला बाक मिळवून दिला. आणि आपल्या निळ्या शाईतल्या सुबक शब्दाने दिशाला काय दिले? काहीच नाही. ललित अभ्यासाला बसला की पलीकडून छायाचा आवाज येई, “बास. उठ, आंगणात दोन चकरा मार, मग पुढचं गणित.” तो आवाज ऐकून वत्सलाबाई पोळपाट आपटीत.

आठवीच्या सहामाहीत दिशा पाच विषयांत नापास झाली. शाळेची चिठ्ठी आली : वार्षिक परीक्षेत अशीच स्थिती राहिल्यास मुलीस शाळेतून काढून घ्यावे. सरुबाईंनी चिठ्ठी न वाचताच निकाल दिला. “बरं झालं. बाजारात बसव. चौदाची झाली, दोन वरसानी उजवायचीच हे. गजरे तरी ओवील.”

“अर्धेच ओवील,” मल्हारी हळूच म्हणाले.

“तर मग अर्धेच विकू!” सरुबाई म्हणाल्या. “तुझ्या बायकोनं साळा शिकून काय दिवे लावले? पाट्या वाचीत बसती.”

दुसऱ्या दिवशी वत्सलाबाई व मल्हारी धुतलेले कपडे घालून मुख्याध्यापकांकडे गेले. वत्सलाबाईंनी थेट मागणी केली. ललितला जे दिले, तेच दिशाला द्या.

मुख्याध्यापक वाईट गृहस्थ नव्हते, परंतु घाईचे होते. ते म्हणाले, “अहो बाई, ललितचं वेगळं. तो वर्ग डोक्यावर घेतो. त्याला आजार आहे, डॉक्टरांचं पत्र आहे. तुमच्या मुलीला कसला आजार? हे बघा.” त्यांनी नोंदवही उघडून वत्सलाबाईंपुढे सरकवली. “सात वर्षं सात शिक्षकांनी काय लिहिलंय? वाचता येतं ना?”

वत्सलाबाईंना वाचता येत होते. शांत. शांत. शांत.

“शांत मुलीला लक्ष द्यायला काय होतं? हा आळस आहे. घरी धाक ठेवा.”

जो शब्द वत्सलाबाईंनी ओट्यावर दागिन्यासारखा मिरवला, तोच आज दाराला कुलूप म्हणून लागला होता. घरी आल्यावर ओट्यावर ललित पाय हलवीत चित्र काढीत बसला होता. त्या हलणाऱ्या पायांकडे त्यांनी असे पाहिले, जसे एखादी निपुत्रिक स्त्री शेजारणीच्या पाळण्याकडे पाहते.

मग त्यांच्या हातून एक चूक झाली. त्यांनी दिशाला आंब्याखाली नेले आणि सांगितले, “उद्या वर्गात धिंगाणा घाल.”

“म्हंजी काय करू?” दिशाने विचारले.

“ललित काय करायचा? बाकावर चढ. आरड. कायतरी फोड. मोठं नको, पट्टी-बिट्टी. त्येंच्या वहीत लाल शाईनं लिहून आलं पाहिजे.”

मल्हारी मळ्याला पाणी देण्याची बारी संपवून येत होते. त्यांनी हे ऐकले. “आगं, याड लागलं का तुला? लोकं पोरांना गुण शिकवत्यात.”

“गुणांनी काय दिलं?” वत्सलाबाई म्हणाल्या. “अवगुणाला पैला बाक मिळतो. मला बी पायजे.”

दिशा आज्ञाधारक होती. दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला ती खरोखरच बाकावर चढली. सारा वर्ग थक्क झाला. तिने ओरडण्यासाठी तोंड उघडले. तेवढ्यात खिडकीबाहेर निलगिरीच्या फांदीवर दोन साळुंक्या भांडताना तिला दिसल्या. तिचे तोंड उघडेच राहिले आणि ती बघत राहिली. मुले हसली, तिला ऐकू आले नाही. मराठीच्या बाईंनी दोनदा हाक मारली, तीही ऐकू आली नाही. तिसऱ्या हाकेला ती दचकली, आणि आपण बाकावर का उभ्या आहोत हे तिला आठवेना.

“दिशा, काय चाललंय?”

“बाई, आईनं धिंगाणा घालायला सांगितला होता,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “पन कसा घालायचा, ते इसरले.”

वर्ग हसून लोटपोट झाला. पण बाई हसल्या नाहीत. त्यांचे नाव फुलाबाई. नोकरीला त्यांना वीस वर्षे झाली होती, आणि आठवीच्या पहिल्या सत्रात दिशाच्या नावापुढे ‘शांत’ लिहिणाऱ्या त्याच होत्या. त्यांनी संध्याकाळी वत्सलाबाईंना बोलावून घेतले.

शिव्या खायच्या तयारीनेच वत्सलाबाई गेल्या. पदर खोचून त्यांनी आधीच सुरुवात केली. “बाई, चूक माझी हे. पोरीला काय बोलू नका. माझी मती फिरली. त्या ललितला समदं मिळतं, आन माझी...” इतकी वर्षे मनात कुजत ठेवलेली गोष्ट त्या पहिल्यांदाच कोणासमोर बोलल्या. “मला त्याचं बघवत नाय, बाई. माझ्या दिराचं पोरगं हे, पन बघवत नाय.”

फुलाबाईंनी त्यांच्यापुढे खुर्ची सरकवली. मग म्हणाल्या, “वत्सलाबाई, आज मी तिला खालून वर बघत होते. ललित वर्गभर पळायचा, म्हणून आम्हाला दिसला. ही जागेवर बसून त्याच्यापेक्षा लांब जाते. आम्हाला त्रास देत नाही, म्हणून आम्ही ‘शांत’ लिहून मोकळे झालो. चूक तुमची एकटीची नाही. त्याच डॉक्टरांकडे न्या तिला. पत्र आणा. आणि अर्ज लिहा. मी सरांसमोर उभी राहते.”

“कोणते डॉक्टर, कुठं बसत्यात, मला काय ठावं?”

“छायाबाईंना ठाऊक आहे की. त्यांना विचारा.”

कॉलेज रोड मखमलाबादपासून काही लांब नाही. परंतु त्या घरातील एक भिंत ओलांडायला वत्सलाबाईंना चार दिवस लागले. तीनदा त्या छायाच्या उंबऱ्यापर्यंत गेल्या. एकदा विरजण मागून परत आल्या, एकदा सुई मागून, आणि एकदा काहीच न मागता. चौथ्या दिवशी छायाच बाहेर आली.

“ताई, विरजण झालं, सुई झाली. आता काय पाहिजे?”

“डॉक्टरचा पत्ता,” वत्सलाबाई जमिनीकडे पाहत म्हणाल्या. “आन तू लिहिला व्हता तो अर्ज.”

छायाने त्यांना आत बसवले. पण तिने लगेच काही आणून दिले नाही. समोर बसून ती म्हणाली, “तेव्हा मी सांगितलं तर शेळीला पेढा घातलात. मी बघितलं.”

“घातला.”

“आणि सात वर्षं ओट्यावर बसून वाचायच्या. शां-त. भिंतीला कान असतात म्हणतात, ताई, माझे तर भिंतीलाच लागलेले होते. तुमचा आवाज आला की मी भांडी आपटायचे. ललितला मारायचे. वाटायचं, देवानं मला का नाही दिलं शांत लेकरू? तुमची दिशा माझ्या दारात चप्पल विसरून गेली ना, तर ती चप्पलसुद्धा शांत दिसायची मला.”

वत्सलाबाईंनी मान वर केली. छायाला आपला मत्सर वाटत होता, हे ऐकून त्यांना वाईट वाटायला हवे होते. खरे सांगायचे तर त्यांना थोडे बरे वाटले. मत्सराची भूक अशीच असते. दुसऱ्याच्या ताटातही तोच घास आहे हे कळल्यावर ती थोडी शमते.

“लय आपटायची भांडी तू,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, भारतभाऊंशी भांडतीस.”

“त्यांच्याशीही भांडायचे.” छाया हसली. मग उठून तिने पेटीतून अर्जाची प्रत काढली. “घ्या. पण नुसतं नाव बदलून उतरवू नका. ललितचं दुखणं ललितचं आहे. तुमच्या पोरीचं तुम्ही लिहा.”

डॉक्टरांनी दिशाला दोन वेळा तपासले. तिला चित्रे दाखवली, आकडे उलटे म्हणायला लावले, फुलाबाईंकडून व घरून प्रश्नांची उत्तरे मागवली. शेवटी म्हणाले, “तीच चार अक्षरं आहेत. मुलींमध्ये पुष्कळदा पाय पळत नाहीत, मन पळतं. म्हणून उशिरा ओळखू येतं.” त्यांनी पत्र दिले. वत्सलाबाईंनी ते पदराच्या गाठीत न बांधता कोऱ्या वहीत ठेवले.

अर्ज लिहायला त्यांना तीन दुपारी लागल्या. आयुष्यातला तो त्यांचा पहिला अर्ज होता. तो असा होता :

‘मा. मुख्याध्यापक यांस, नमस्कार. माझी मुलगी दिशा आपल्या शाळेत आठवीत आहे. ती शांत आहे असे आपण सात वर्षे लिहिले. ते मीही सात वर्षे अभिमानाने वाचले. आपण दोघेही चुकलो. ती बसलेली असते, पण तिचे मन बसत नाही. डॉक्टरांचे पत्र जोडले आहे. जो मुलगा काच फोडतो त्याच्याकडे सर्वांचे लक्ष जाते. माझ्या मुलीने काच फोडली नाही, याची तिला शिक्षा होऊ नये. तिला खिडकीपासून दूर पुढचा बाक, थोडा थोडा गृहपाठ व परीक्षेस अर्धा तास जास्त द्यावा, ही विनंती.’

खाली मल्हारींनी सही केली. वत्सलाबाईंनीही केली, अंगठा नव्हे.

मुख्याध्यापकांनी अर्ज वाचला, पत्र वाचले आणि चष्मा काढला. “एकाला दिलं ते अपवाद म्हणून. आता दुसरीला दिलं की उद्या दहा पालक येतील. मी कोणाकोणाला देऊ?”

फुलाबाई बोलण्यासाठी पुढे झाल्या, परंतु त्यांच्या आधी मल्हारी बोलले. मल्हारी सरकारी खोलीत कधी बोलत नसत.

“सर, मी माळी मानूस. कालव्याचं पानी आलं की आमी आधी त्या वाफ्याला देतो, ज्याची पानं माना टाकत्यात. त्यो दिसतो. पन एखादा वाफा वरून हिरवा ऱ्हातो आन आतून मुळी सुकती. त्यो बोलत नाय. मंग एक दिवशी उपटला की हातात येतो. त्या वाफ्याला पानी नको का? त्यो बोलंना, ही त्याची चूक हे का?”

“आणि दहा पालक आले तर येऊ द्यात सर,” फुलाबाई म्हणाल्या. “दहा वाफे वाळायचे वाचतील.”

“मी वर्गाबाहेर गजरे ओवीत बसते,” वत्सलाबाई मध्येच म्हणाल्या. “रोज. तुमाला अर्ज दिसत नसंल तर मी दिसन.”

मुख्याध्यापकांनी त्यांच्याकडे पाहिले. बाई हे खरेच करतील, याबद्दल त्यांना शंका उरली नसावी. त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यात लिहिले : ‘वार्षिक परीक्षेपर्यंत मान्य. निकाल पाहून पुढे.’

म्हणजे दिशाची सारी शाळा एका निकालावर टांगली गेली. सरुबाई रोज विचारीत, “कवा लागतो तो निकाल? बाजारातली जागा मोकळी ठेवलीय मी.”

त्या चार महिन्यांत वत्सलाबाई जे करीत होत्या ते त्या भिंतीपलीकडून ऐकून शिकल्या होत्या. चार गणिते झाली की त्या म्हणत, “उठ, दोन चकरा मार.” अंगणात दोन्ही मुले एकाच वेळी चकरा मारू लागली. ललित जोरात मारी, दिशा वाटेत थांबे. वत्सलाबाईंचे डोळे दिशापेक्षा ललितवरच जास्त असत. त्याची किती पाने झाली, त्याला कोणता धडा आला, त्याची वही किती भरली. छाया मदत करी, मोठे उत्तर पाच ओळींत कसे तोडायचे ते दाखवी, आणि वत्सलाबाई ती मदत घेत. परंतु प्रत्येक वेळी त्यांना कृतज्ञतेबरोबर एक चिमटा बसे, की हेही तिलाच आधी आले.

निकालाच्या दिवशी वत्सलाबाई फुलबाजारातून घाईने परतल्या आणि फुलांची रिकामी कॅरेट ओट्यावर ठेवून वाटेकडे डोळे लावून बसल्या. सरुबाईही शेजारी येऊन बसल्या. दिशा धावत आली. निदान त्या दिवशी ती वाटेत कोठे थांबली नाही.

“आई, पास! समद्या विषयांत पास! शेहेचाळीस टक्के. सर म्हनले, नववीला बी पुढचाच बाक.”

सरुबाई पदर सावरून आत निघून गेल्या. वत्सलाबाईंनी मुलीला जवळ ओढले, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि त्यांच्या तोंडातून पहिला प्रश्न बाहेर पडला, “ललितला किती?”

दिशा विचारात पडली. “ते इचारायचं इसरले.”

छाया पलीकडे घरातच होती. एक हाक मारली असती तर उत्तर मिळाले असते. वत्सलाबाईंनी हाक मारण्यासाठी मान वळवली. मग दिशाच्या घामेजलेल्या तोंडाकडे पाहिले, आणि हाक मारली नाही. “चल, जेवून घे,” असे म्हणून त्या तिला आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चौकशी केलीच, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्रेसष्ट होते.